आला, पडला, धरला

१९८२ सालच्या सप्टेंबरात माझ्या माहेरी जो महिना चालू होता तो सासरी नव्हताच. माहेर सांगलीचं, सासर रत्नागिरीचं. मध्ये कोल्हापूर, आंबा घाट आणि एसटीचा जवळजवळ अख्खा दिवस. लग्न मे महिन्यात झालेलं. ऑगस्टात गणपती दोन्ही घरी एकाच दिवशी बसले, गौरी एकाच दिवशी आल्या-गेल्या, पितृपंधरवडाही बरोबरीने झाला. १७ सप्टेंबरला सर्वपित्री झाली आणि तिथून वाट फुटली. दुसऱ्या दिवशी रत्नागिरीत आमच्याकडे घट बसले. सांगलीत कुणी घटाला हात लावला नाही, कारण तिथे अधिक आश्विन सुरू झाला होता.

माझ्या वडिलांचं, अण्णांचं, आंतर्देशीय पत्र आलं तेव्हा चौथी माळ होती. सासूबाई पाटावर बसून झेंडूची माळ ओवत होत्या. अण्णांनी लिहिलं होतं की लग्नानंतरचा पहिलाच धोंडा आला आहे, जावईबापूंना घेऊन आठ दिवस या, तुझ्या आईने अनारशांचे तांदूळ भिजत घातले आहेत. मी पत्र वाचून दाखवलं. सासूबाई म्हणाल्या, "अगो, घट बसलेत नि धोंडा कसला आला?" मामंजी ओटीवर पेपर वाचत होते. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "सांगलीकरांनी धरला असेल. आपण तो धरीत नाही."

गणिताची पदवी घेऊन मी त्या घरात आले होते. पुढे शाळेत तीस वर्षं गणितच शिकवलं. पण महिना ही 'धरायची' किंवा 'न धरायची' गोष्ट आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

आमच्या भाषेत अधिक महिना येतो. "यंदा अधिक आलाय." धोंडा पडतो. पाऊस पडावा, खंड पडावा, तसा. माघाचा किंवा पौषाचा क्षय होतो. या सगळ्या क्रियापदांत करणारा कुणी नाही. पाहुणा येतो, त्याला कुणी दारात आणून उभं केलं असं आपण म्हणत नाही. 'धरला' हे एकच क्रियापद असं आहे की ज्यात कुणाचा तरी हात दिसतो, आणि ते पंचांगकर्त्यांच्या, भटजींच्या, मामंजींसारख्या हिशेबी माणसांच्या तोंडी असतं. बायका कधी 'धरला' म्हणत नाहीत. माझी आई तर कधीच म्हणाली नसती.

हिशेब खरं तर चौथीच्या मुलाला समजेल असा आहे. चंद्राचे बारा महिने म्हणजे सुमारे ३५४ दिवस. सूर्याचं वर्ष ३६५ दिवसांचं. दर वर्षी अकरा दिवसांची तूट. ती भरून काढलीच नाही तर सण ऋतू सोडून हिंडायला लागतात. हिजरी कालगणनेत महिना घालत नाहीत. म्हणून मोहरम कधी भर पावसात येतो, कधी थंडीत. रत्नागिरीतल्या आमच्या शेजारच्या मोहल्ल्यात रमजान उन्हाळ्यातून सरकत सरकत हिवाळ्यात गेलेला मी पाहिला आहे. आपल्याला मात्र दसरा शेतात भात पिवळं झालेलं असतानाच हवा आणि होळी आंब्याच्या मोहोरातच हवी. तेव्हा तूट साठवायची आणि महिनाभराची झाली की एक महिना मध्ये घालायचा. जुन्या ग्रंथांनी दोन अधिक महिन्यांमधलं सरासरी अंतर ३२ महिने, १६ दिवस आणि ४ घटका दिलं आहे. आजच्या आकड्यांशी ताडून पाहिलं तर त्यात खोट काढायला फार जागा राहत नाही. १९ वर्षांत असे सात महिने घालावे लागतात.

कुठे घालायचा, याचा नियमही साधा. अमावास्येपासून अमावास्येपर्यंतच्या महिन्यात सूर्य एकदा तरी रास ओलांडतो, म्हणजे संक्रांत होते. ज्या महिन्यात ती होत नाही तो अधिक. उन्हाळ्या-पावसाळ्यात सूर्याची चाल मंद असते. मिथुन राशीत तो साडेएकतीस दिवसांहून जास्त रेंगाळतो, तर धनु राशीत साडेएकोणतीस दिवसही पुरे करत नाही. म्हणून अधिक महिना बहुधा चैत्र ते आश्विन या टप्प्यात सापडतो. अधिक मार्गशीर्ष किंवा अधिक पौष कुणी ऐकलेला नसतो तो याच कारणाने.

वेदात याला कोणतं क्रियापद आहे ते मी निवृत्तीनंतर शोधलं. ऋग्वेदातल्या वरुणसूक्तात वरुणाला बारा महिने ठाऊक आहेत आणि शिवाय जो जवळ जन्मतो तोही ठाऊक आहे, अशा अर्थाचं वाक्य आहे. शब्द 'उपजायते'. जवळ जन्मणं, बाजूला उपजणं. आपलं मराठी 'उपजणं' त्याच घरातलं. वेदांग ज्योतिषाने त्याचा हिशेब बांधला: पाच वर्षांचं एक युग, त्यात ६० सौर महिने आणि ६२ चांद्र, म्हणून दोन महिने जास्तीचे, एक युगाच्या मध्यावर, एक शेवटी. आणि मग तेच क्रियापद महाभारतात भीष्मांच्या तोंडी येतं, तेही कुठे? विराटपर्वात, ऐन रणांगणावर. अर्जुन ओळखला गेला, तेरा वर्षं पुरी होण्याआधीच सापडला, आता पुन्हा वनवास, असं दुर्योधनाला वाटत असतं. भीष्म सांगतात की दर पाच वर्षांनी दोन महिने उपजतात, त्या हिशेबाने तेरा वर्षांत पाच महिने आणि बारा रात्री जास्त झाल्या, पांडवांची मुदत केव्हाच भरली. मी त्रैराशिक मांडून पाहिलं. पाच वर्षांना दोन, तर तेरा वर्षांना पाच महिने सहा दिवस. बारा रात्री कुठून आल्या यावर टीकाकारांनी पुष्कळ डोकं खाजवलं आहे. पण मला त्यातली गंमत वेगळी वाटते: राज्य कुणाचं, हे त्या क्षणी महिने धरले की नाही यावर ठरलं, आणि भीष्मांसारख्या पितामहांनीही क्रियापद मात्र 'उपजतात' हेच वापरलं. हात आपला, नाव निसर्गाचं.

बाबिलोनचा हम्मुराबी असा आडपडदा ठेवत नव्हता. इसवी सनापूर्वी अठराव्या शतकात त्याने लार्साच्या आपल्या अधिकाऱ्याला पाठवलेलं मातीच्या विटेवरचं पत्र उपलब्ध आहे. मजकूर असा, की वर्षात तूट आली आहे, येणारा महिना दुसरा उलूल म्हणून नोंदवा, आणि जो कर तश्रीतच्या २५ तारखेला बाबिलोनला पोचायचा तो आता दुसऱ्या उलूलच्या २५ला पोचवा. म्हणजे महिना घातला, पण कराची मुदत पुढे गेली नाही! राजाने लोकांना एक महिना दिला आणि वसुलीपुरता तो परत घेतला. रोममध्ये तर हे काम धर्माधिकाऱ्यांच्या मंडळाकडे होतं, आणि त्यांचं क्रियापद होतं मध्ये 'पुकारणं'. फेब्रुवारीत २३ तारखेनंतर जादा महिना पुकारायचा. मित्र पदावर असला की पुकारायचा, विरोधक असला की विसरायचा. गडबड इतकी झाली की ज्युलियस सीझरने इसवी सनापूर्वी ४६ हे वर्ष ४४५ दिवसांचं करून एकदाचा घोळ निस्तरला.

आपल्याकडे राजाने महिना घातल्याचं दिसत नाही. पेशवाईतल्या कारकुनांनी तर वसुलीचा हिशेब मृगसालावर, म्हणजे सूर्य मृगात शिरला की वर्ष सुरू, असा ठेवून या कटकटीतून अंगच काढून घेतलं. महिना राहिला तो देवाधर्माकडे आणि तो धरायचा अधिकार गेला गणित्याकडे.

या गणित्यांचा थोरला पुरुष म्हणजे भास्कराचार्य. त्यांनी शके १०७२ मध्ये 'सिद्धान्तशिरोमणी' लिहिला. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, चाळीसगावजवळच्या पाटण्याला तो ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. त्याचा शिलालेख भाऊ दाजींनी उजेडात आणला. 'सिद्धान्तशिरोमणी'त भास्कराचार्य क्षयमासाबद्दल सांगतात. एकाच चांद्र महिन्यात दोन संक्रांती आल्या तर एक महिना गळतो, तो क्षय. त्या वर्षी आधी आणि मागून असे दोन अधिक येतात. त्यांनी वर्षं दिली: शके ९७४ला झाला, पुढे १११५, १२५६, १३७८ला होईल. आणि अंतर सांगितलं: १४१ वर्षं, क्वचित १९. आता आपल्या काळातली वर्षं घ्या. १८२२-२३ला क्षय झाला. त्यानंतर १४१ वर्षांनी १९६३-६४ला. आणि त्यानंतर १९ वर्षांनी १९८२-८३ला. माझ्या लग्नाचं पहिलं वर्ष. साडेआठशे वर्षांपूर्वी कुणी तरी मांडलेला आकडा माझ्या दिवाळसणाला येऊन भिडला, याचं मला आजही हसू येतं.

दिवाळसणाचं सांगते. अण्णांना पत्राचं उत्तर गेलं की नवरात्र आहे, येता येत नाही. अण्णा एका सहकारी बँकेत कॅशियर होते, देणं राहिलं की त्यांना झोप लागत नसे. अधिकातलं वाण अधिकातच पोचलं पाहिजे, म्हणून महिना संपायच्या दोन-तीन दिवस आधी ते स्वतःच एसटीत बसले. हातात पितळी डबा, त्यात तेहतीस अनारसे, आणि कागदात गुंडाळलेलं चांदीचं निरांजन.

आईचे अनारसे म्हणजे आठ-दहा दिवसांचं व्रत. जुना जाड तांदूळ तीन दिवस भिजत घालायचा, पाणी रोज बदलायचं. चौथ्या दिवशी उपसून पंच्यावर सावलीत पसरायचा. बोटांना गारवा लागला पाहिजे, ओल लागता कामा नये. ही वेळ दहा मिनिटांची असते आणि ती आईला पंच्यावरून नुसता तळवा फिरवून कळायची. मग उखळात कुटून बारीक चाळणीने चाळायचा. पिठात गूळ किसून, तुपाचा हात लावून, गोळे दाबून डबा बंद. तळायच्या दिवशी केळीच्या पानावर खसखस पसरायची, तिच्यावर गोळी बोटांनी थापायची, आणि खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडायची. उलटायचा नाही. झाऱ्याने कडेचं तूप त्याच्या अंगावर उडवत राहायचं, की बारीक जाळी पडत जाते. गूळ जास्त झाला किंवा पीठ ओलं राहिलं तर अनारसा तुपात पसरून विरघळतो. त्याला 'हसला' म्हणायचं. आई त्या दिवशी स्वयंपाकघरात कुणाला येऊ द्यायची नाही. बाहेरच्या माणसाला पाहून अनारसा हसतो म्हणे.

अधिकात जाळीचा पदार्थ द्यायचा असतो. अनारसे, बत्तासे, म्हैसूरपाकही चालतो. संख्या तेहतीस किंवा तेहतिसाच्या पटीत. आई सांगायची तेहतीस कोटी देव म्हणून. मला आपलं वाटतं, साडेबत्तीस महिन्यांनी येणाऱ्या महिन्याचं ते पूर्णांकात केलेलं वाण असावं, पण हा माझा तर्क, त्याला पुरावा मागू नका. सोलापूर-मराठवाड्याकडे अनारशांच्या जोडीला धोंडे करतात: कणकेच्या उंड्यात पुरण भरायचं आणि उकडायचं. बाहेरून दगडासारखा ओबडधोबड, आत गोड. या महिन्याला मलमास म्हणून वाईट नाव आहे, मलिम्लुच म्हणजे चोर असंही म्हटलं आहे. लग्नमुंजी बंद, वास्तू बंद. मग त्याची कणव येऊन विष्णूने आपलं पुरुषोत्तम हे नाव त्याला दिलं, अशी कथा. बीड जिल्ह्यात गोदाकाठी पुरुषोत्तमपुरी आहे, तिथे एरवी शांत असलेलं देऊळ अधिकात माणसांनी फुलतं. गंमत अशी की रामचंद्रदेव यादवाच्या १३१०च्या ताम्रपटात त्या अग्रहाराचं नाव पुरुषोत्तम नावाच्या मंत्र्यावरून पडल्याचं दिसतं. चोराला देवाचं नाव मिळालं, गावाला प्रधानाचं. असो.

तर अण्णा रत्नागिरीला पोचले तेव्हा आमच्या दारात रांगोळी होती आणि तुळशीपाशी पणत्या. सासरी चालणाऱ्या टिळक पंचांगाप्रमाणे ती धनत्रयोदशीची संध्याकाळ. सांगलीत त्या दिवशी अधिक आश्विन वद्य होतं, इथे नुसतं आश्विन वद्य. चंद्र तोच, तितकाच बारीक, पहाटे उगवणारा. अण्णा डबा हातात घेऊन पायरीवर थांबले. म्हणाले, "व्याही, हे धोंड्याचं." मामंजी म्हणाले, "या, या. आमच्याकडे दिवाळी लागली." क्षणभर कुणालाच काय बोलावं कळेना. सासूबाईंनी डबा घेतला, झाकण उघडलं, एक अनारसा उजेडाकडे धरून जाळी पाहिली आणि म्हणाल्या, "अनारसे दिवाळीलाही लागतातच की." तेहतिसांतले पाच लक्ष्मीपूजनाच्या नैवेद्याला गेले. निरांजन ह्यांच्या हातात पडलं. अण्णांच्या लेखी ते अधिकाचं वाण, सासूबाईंच्या लेखी दिवाळसणाची भेट. एकाच वस्तूने दोन कर्जं फिटली. शिवाय नोव्हेंबरच्या मध्यावर सांगलीला जाऊन मी दुसरी दिवाळी केली. त्या वर्षी मी दोनदा अभ्यंगस्नान केलं आणि दोनदा ओवाळणी मिळवली. माझ्या धाकट्या भावाने ही लबाडी अजून विसरलेली नाही.

रात्री दोघं व्याही ओटीवर बसले. अण्णांनी विचारलं, "पण तुम्ही का धरीत नाही?" मामंजींना तेवढंच हवं होतं.

ते म्हणाले, सूर्य रास ओलांडतो म्हणजे काय? आकाशात रेघ कुठे आहे? रेघ आपण मारायची. मेष राशीची सुरुवात कुठून धरायची, हाच सगळा तंटा. गावाच्या वेशीचा धोंडा कुठे रोवलाय त्यावर पाहुणा गावात कधी शिरला ते ठरतं. केरो लक्ष्मण छत्र्यांनी रेवती नक्षत्रातल्या एका बारीक ताऱ्यापाशी वेस धरली आणि शके १७८७ पासून पंचांग सुरू केलं, पटवर्धनांच्या आश्रयाने, म्हणून ते पटवर्धनी. लोकमान्य डेक्कन कॉलेजात छत्र्यांचे विद्यार्थी. गुरूचा ताराच त्यांनी पुढे नेला. दुसऱ्या बाजूला व्यंकटेश बापूजी केतकरांसारखे लोक. त्यांचं म्हणणं, चित्रा हा ठळक तारा आहे, त्याच्या बरोबर समोर वेस धरा. दोन वेशींमध्ये सुमारे चार अंशांचं अंतर. सूर्याला ते चालायला चार दिवस लागतात. म्हणून टिळक पंचांगातली प्रत्येक संक्रांत चार दिवस आधी.

एरवी या चार दिवसांनी काही बिघडत नाही. पण १९८२चा तो महिना काठावरचा होता. १७ सप्टेंबरला कन्या संक्रांत झाली आणि त्याच दिवशी, तिच्यानंतर काही तासांनी, अमावास्या संपली. पुढे १७ ऑक्टोबरला पहाटे अमावास्या संपली आणि त्याच दिवशी, तिच्यानंतर काही तासांनी, तूळ संक्रांत झाली. दोन्ही टोकांना काही तासांनी हुकून तो महिना संक्रांतीवाचून राहिला, म्हणून अधिक. टिळकांच्या वेशीने तूळ संक्रांत १३ ऑक्टोबरच्या सुमारासच होऊन गेली, महिन्याच्या आत. मग तो अधिक कसला? पुढच्या थंडीत तर आईच्या पंचांगात पौष आणि माघ एकाच महिन्यात कोंबले गेले आणि फाल्गुन दोनदा आला. सासूबाईंच्या पंचांगात यातलं काहीच नाही. त्या मला विचारायच्या, "तुमचा एक महिना हरवला म्हणे, मिळाला का?"

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "आमच्या बँकेत बरं आहे. व्याज इंग्रजी महिन्यावर."

मामंजी हसले नाहीत. त्यांच्यासाठी हा अभिमानाचा विषय होता. टिळक रत्नागिरीचे, त्यांचं पंचांग रत्नागिरीने नाही मानायचं तर कुणी? आणि त्यांनी अण्णांना एक टोमणाही मारला: पंचांगशुद्धीसाठी टिळकांच्या अखेरच्या वर्षांत ज्योतिष्यांची सभा भरली होती ती तुमच्याच सांगलीला! ते खरंच होतं. ज्या गावात सगळ्या महाराष्ट्राचं पंचांग एक करायचं ठरत होतं, त्याच गावची मुलगी पुढे दोन पंचांगांच्या मध्ये येऊन बसली.

टिळकांना पंचांगाची एवढी ओढ का, हे मला पुढे समजलं. त्यांना इतिहासासाठीही तिथ्यांचा हिशेब हवा होता. कारीच्या जेधे देशमुखांकडची शकावली त्यांनीच १९१६ साली छापली. शिवजन्माची फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, ही तिथी तीत आहे. जुन्या कागदात नुसता 'आश्विन' लिहिलेला असला आणि त्या वर्षी आश्विन अधिक असला, तर माणूस एक महिना आधी मरतो किंवा लढाई एक महिना उशिरा होते. या गुंत्यातली वाट ज्यांनी अभ्यासकांना करून दिली ते शंकर बाळकृष्ण दीक्षित आमच्याच जिल्ह्यातले, दापोलीजवळच्या मुरूडचे, पेशाने शिक्षक. १८९६ साली त्यांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा मराठी इतिहास आला, आणि त्याच वर्षी रॉबर्ट स्युएल यांच्याबरोबर केलेला इंग्रजी ग्रंथ, ज्यात इसवी सन ३०० ते १९००पर्यंतचे सगळे अधिक आणि क्षय महिने कोष्टकांत मांडले आहेत. सोळाशे वर्षांचे महिने, हाताने. दीड वर्षाने दीक्षित वारले, पंचेचाळिशीही गाठली नव्हती. गणिताच्या मास्तरांची नावं शाळांना क्वचित देतात, नाही तर मी पहिलं हे सुचवलं असतं.

एकी काही झाली नाही. सोलापूरला दाते पंचांग शके १८३८ पासून निघू लागलं होतं, ते घराघरांत पोचलं. स्वातंत्र्यानंतर मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली कालगणना समिती बसली. तिच्यात पुण्याचे ज. स. करंदीकर आणि नागपूरचे के. ल. दप्तरी होते. समितीने वेस चित्रेच्या समोर धरली, आणि देशभरची बहुतेक पंचांगं तिकडे गेली. १९७३ पासून 'कालनिर्णय' भिंतीवर आलं, तेव्हा तर प्रश्नच मिटला. टिळक पंचांग रत्नागिरीतल्या, विदर्भातल्या, इथल्या-तिथल्या काही घरांपुरतं उरलं.

एकोणीस वर्षांचं चक्र मात्र ठरल्याप्रमाणे फिरलं. २००१ साली सप्टेंबरात पुन्हा अधिक आश्विन आला. तेव्हा मामंजी नव्हते. अण्णा थकले होते, त्यांनी मनीऑर्डर पाठवली आणि तळटीपेत लिहिलं: दिवाळीची की धोंड्याची ते तुमच्या पंचांगाप्रमाणे समजावे. २०२० साली तिसऱ्यांदा आला, पुन्हा १८ सप्टेंबरला. टाळेबंदी होती. आमच्याकडे घट बसले, भटजी आले नाहीत, ह्यांनीच पोथी वाचली. माझी लेक पुण्यात. तिच्या सासरी अधिक. मी तिला आणि जावयाला फोनवरच ओवाळलं. अनारशांचं तयार पीठ आता बाजारात मिळतं, ते आणून तळले. पहिले चार हसले. स्वयंपाकघरात मी एकटीच होते, तेव्हा आईचं बाहेरच्या माणसाचं कारणही चालेना.

सगळ्यात मोठी गंमत २०२३ची. त्या वर्षी श्रावण अधिक. १६ ऑगस्टला अमावास्या, १७ ऑगस्टला सिंह संक्रांत. एका दिवसाने हुकली आणि महिना अधिक ठरला. टिळकांच्या वेशीने सूर्य १३ ऑगस्टच्या सुमारासच सिंहेत शिरलेला. म्हणून आमचा गणपती २० ऑगस्टला आणि शेजाऱ्यांचा १९ सप्टेंबरला. एक भिंत सामाईक, मध्ये तीस दिवस. आमच्याकडे आरती चालली की शेजारची नात खिडकीशी येऊन विचारायची, "आजी, तुमचा बाप्पा लवकर का आला?" मी तिला 'आला' म्हणायचं की 'आणला', याचा विचार करत राहिले. शेवटी मोदक दिला.

आमच्या आळीच्या टोकाला मूर्तिकाराचा कारखाना आहे. वडिलांपासूनचा धंदा. त्याला वेशी, तारे, अंश यांच्याशी कर्तव्य नाही, पण सगळ्या गावात या महिन्याचा खरा चटका त्याला बसतो. ज्या वर्षी दोन्ही पंचांगं जमतात त्या वर्षी सगळ्या मूर्ती एका सकाळी उचलल्या जातात. जमली नाहीत की पन्नास-साठ मूर्ती महिनाभर आधी लागतात, तेही ऐन पावसात, माती वाळत नसताना. २०२३ला त्याने आमच्या गणपतीच्या पाठीशी रात्रभर शेगडी ठेवली होती आणि तरी सोवळ्याचा पिवळा रंग माझ्या बोटाला लागला. त्याच्या वहीत दोन रकाने असतात. एकावर लिहिलेलं असतं 'गणपती', दुसऱ्यावर 'टिळकांचे'.

पाडव्याच्या आसपास, शाडू मागवायच्या आधी, तो आमच्या पायरीशी येतो. पूर्वी मामंजींना विचारायचा, मग ह्यांना, आता मला. चप्पल काढत नाही, घाईत असतो.

"बाई, यंदा एक की दोन?"

मी आतून दोन्ही पंचांगं आणते, ओटीवर उघडून शेजारी शेजारी ठेवते आणि अमावास्येच्या ओळीवर बोट ठेवून संक्रांत शोधू लागते. तो दाराच्या चौकटीला टेकून वाट पाहतो.